पॅनलवरचा तिसरा माणूस

सत्काराची शाल पेणच्या घरात येऊन तास झाला तरी तिची घडी कुणी घातली नव्हती. हमिदाने ती खुर्चीवरून उचलून दिवाणावर ठेवली, तर तिचा भाऊ इकबाल नेमका दिवाणावर येऊन टेकला. तिने ती टेबलावर ठेवली, तर तो टेबलाशी आला. शेवटी तिने ती कपाटात कोंबली आणि दार लावून घेतलं. नारळ तेवढा बाहेर राहिला, आणि इकबाल त्याच्याकडे असा बघत बसला की वाटावं, तो त्याच्याच झाडाचा चोरून आणलाय.

भावाचं पोट हमिदाला ठाऊक नसेल तर कुणाला असणार. लहानपणी रोह्याच्या घरात ईदला तिला नवा फ्रॉक आला की हा दोन दिवस धड जेवायचा नाही. आता छप्पन्न वर्षांचा झाला, केस गेले, दाढी पांढरी झाली, पण ते दोन दिवस काही गेले नाहीत.

सहा जानेवारीला पत्रकार दिन. रोहा आणि पेण, दोन्ही तालुक्यांतले बातमीदार पेणला जमतात, एकाला शाल-श्रीफळ देतात, चहा आणि बटाटेवडा घेऊन पांगतात. इकबाल मुकादम सत्तावीस वर्षं रोह्याचा वार्ताहर. एवढ्या वर्षांत पेपरात त्याचं नाव कधी छापून आलं नाही. बातमीवर 'रोहा, ता. अमुक (वार्ताहर)' एवढंच. यंदाची शाल आपली अशी कुणकुण त्याला लागली होती, त्यासाठी त्याने नवा कुरताही शिवला होता. आणि शाल मिळाली कुणाला, तर भाचीला, सफाला. सव्वीस वर्षांची पोर, मुंबईच्या पेपरात लागून तीन वर्षंही झाली नाहीत. वर आयोजकांची अक्कल अशी की ती शाल घालायला त्यांनी मामालाच स्टेजवर बोलावलं.

खरं सांगायचं तर हमिदाचंही पोट दुखत होतंच, फक्त कारण वेगळं होतं. सफाने भाषणात काय म्हणावं? "माझे पहिले गुरू माझे मामू. महत्त्वाचं ते पहिल्या परिच्छेदात लिही, शेवटचं डेस्कवाले जागा नाय म्हणून कापतात, हे त्यांनी मला आठवीत असताना शिकवलं." टाळ्या पडल्या. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. नवरा कुवेतला, घरात एकटी बाई, पहाटे उठून पोरीचे डबे हिने केले, पनवेलच्या कॉलेजात हिने नेऊन घातलं, परीक्षेच्या दिवशी स्टेशनवर हिने उभं राहायचं. आणि गुरू मामू. हमिदाने टाळ्या वाजवल्या, पण मनापासून वाजवल्या असं तिला म्हणता येणार नाही.

"मटण घे अजून," ती भावाला म्हणाली.

"पोट भरलं."

"कशानं? एक भाकरी खाल्लीस."

"तिकडं वडा खाल्ला."

"तिकडं वडा हातात धरून उभा होतास. मी बघितलं."

इकबालचा मुलगा फैजल भिंतीला टेकून वालाच्या शेंगा सोलत होता. रात्रपाळी करून रोह्याहून मोटारसायकलवर आलेला, डोळे लाल, तरी येताना हमिदाफुफूसाठी शेंगांची पिशवी आणायला विसरला नव्हता. तो खाली मान घालून हसला. सफाही हसली. इकबालने दोघांकडे पाहिलं आणि ताट पुढे सारलं.

"बातमी चांगली केलीस हां," तो सफाला म्हणाला. "चिकटपट्टीची."

घरात सगळ्यांना कळलं की आता सुरू झालं.

बातमी अशी. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत बावीस डिसेंबरला गॅस सुटला आणि काळुराम नावाचा कामगार गळ्यापासून पोटापर्यंत भाजला. पेणजवळच्या जिते गावचा माणूस, रोज गाडीने रोह्याला ये-जा करणारा. पनवेलच्या दवाखान्यात अजून पडून होता. कंपनीच्या साहेबांनी प्रेसनोट पाठवली: काळुरामने न बघता व्हॉल्व्ह खोलला, त्याचाच निष्काळजीपणा. इकबालने ती बातमी केली आणि पत्रकारांच्या ग्रुपवर टाकली. दोन्ही तालुक्यांत हीच रीत. जो पहिला पोचेल त्याने लिहायची, बाकीच्यांनी उचलायची. दुसऱ्या दिवशी पाच पेपरांत तीच बातमी, तेच शब्द, स्वल्पविरामसुद्धा तेच. आणि आठवड्याने सफाची बातमी आली, मुंबईच्या पेपरात, पहिल्या पानावर, नावानिशी: गॅस सुटला की वाजणारा, यंत्रांच्या पॅनलवरचा बझर उगाच वाजतो म्हणून तीन दिवस बंद करून ठेवला होता, आणि त्यावर तपकिरी चिकटपट्टी लावली होती.

"कोणी सांगितलं तुला?" इकबाल म्हणाला.

"मामू."

"मामू काय? मला सांगायला काय झालं? मी काय परका हाय?"

"तुमीच शिकवलंय ना. ज्यानं सांगितलं त्याचं नाव आईलापण सांगायचं नाय."

"आईला नाय. मी कुठं आई हाय?"

"आईला खरंच नाय सांगितलं हो," हमिदा मध्येच म्हणाली. "आईला तर काहीच सांगत नाय ती. गुरूला सांगत असंल."

सफाने आईकडे पाहिलं. आत्ता कुठे तिच्या लक्षात आलं की सकाळच्या भाषणाची किंमत अजून कुणी तरी मागतंय. ती उठली, आईच्या मागे जाऊन उभी राहिली, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. हमिदाने खांदा झटकला, पण जोरात नाही.

फैजल शेंगा सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

*

इकबालला आपण काय करतोय हे कळत होतं. तेवढा तो मूर्ख नव्हता. भाचीवर जळणारा मामा, लोक काय म्हणतील ते त्यानेच आधी स्वतःला म्हणून घेतलं होतं. पण जळणं काय समजवून थांबतं होय?

आठवीतली ही पोर सुट्टीला रोह्याला यायची, तेव्हा त्याच्या बातम्यांचे कागद घेऊन फॅक्सवाल्याकडे धावायची. फाटक्या वहीत मथळे लावायची. "मामू, हा बसतो का बघा." त्याने तिला सगळं दिलं. जखमीच्या घरी आधी जायचं, साहेबाकडे नंतर. मेलेल्याचं नाव दोघांना विचारल्याशिवाय लिहायचं नाय. घरच्याची बातमी घरच्यानं करायची नाय. चुलत्याच्या दुकानाला आग लागली तेव्हा त्याने स्वतः पेन खाली ठेवलं होतं, अख्खं खानदान दोन वर्षं बोलत नव्हतं. हे सगळं त्याने दिलं, आणि ते घेऊन ती मुंबईला गेली, आणि आता तिच्या नावाखाली तिचा फोटो छापतात. तो मात्र इथे पावसाची आकडेवारी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा.

आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की काळुरामची बातमी त्याच्या गावची होती. गावातल्याच कंपनीची. त्याचा स्वतःचा पोरगा त्या कंपनीत कामाला. ती बातमी त्याच्या दारावरून गेली आणि पेणला जाऊन थांबली. जित्याला तो गेलाच नव्हता. साहेबांची नोट आली, ग्रुपवर सगळे "इकबालभाई टाका लवकर" म्हणून मागे लागले, आणि त्याने टाकली.

सकाळी स्टेजवर सफाच्या खांद्यावर शाल घालताना फोटोवाला म्हणाला, "इकबालभाई, जरा हसा." तो हसला. मग खाली उतरला, आणि वड्याच्या रांगेत उभा असताना ग्रुपवर विष्णुचा मेसेज आला. विष्णु म्हणजे पेणचा वार्ताहर, पंचवीस वर्षांचा दोस्त, आणि तितक्याच वर्षांचा पोटशूळ. त्याने लिहिलं होतं: "सफाताईंचं अभिनंदन. सोर्स असावा तर असा. आपल्याला नाही बुवा कोणी सांगत."

इकबालने वडा एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताने लिहिलं. चार ओळी. लिहून झाल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की चहा दोन कप घेतला.

*

अडीच वाजता फैजलचा फोन वाजला. तो शेंगांच्या हाताने उठला आणि मागच्या दाराशी गेला.

"व्हय साहेब," तो म्हणाला. मग बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "पाचला? आयकार्ड पण आणू?" आणि मग, "उद्याची शिफ्ट?" पलीकडून फोन ठेवला असावा, कारण तो कानाला तसाच धरून उभा राहिला.

तो परत आला तेव्हा सफाला त्याचा चेहरा बघून कळलं. तिच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. फैजलने तिच्याकडे असं पाहिलं की तिला दोन पावलं मागे सरावंसं वाटलं.

"सांगितलंस ना?" तो म्हणाला.

"नाय. फैजल, अल्लाची शपथ, मी नाय."

"मग त्यांना कसं कळलं? बारा वाजेपर्यंत कोणाला काय माहीत नव्हतं. साहेबांना वाटत होतं युनियनवाल्यांनी फोडलं. आणि आता मला बोलावतायत. आयकार्ड जमा कर म्हणतायत."

"कसलं आयकार्ड?" इकबाल म्हणाला. "तुझा काय संबंध?"

फैजलच्या फोनवर तेवढ्यात मेसेज आला, शिफ्टच्या मित्राकडून. कुणाच्या तरी ग्रुपचा फोटो काढून पाठवला होता, खाली लिहिलेलं: हे बघ. साहेबांनी हेच वाचलं.

फैजलने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग तो वाचून दाखवायला लागला, मोठ्याने, शाळेत धडा वाचतात तसा.

"सोर्स-बिर्स काय नाय. त्या शिफ्टला पॅनलवर तिघांची ड्युटी. काळुराम दवाखान्यात, दुसरा त्या दिवशी रजेवर. चिकटपट्टी बघणारा राहिला तिसरा एकच. पोरीला आयतं मिळालं." तो थांबला. "खाली नाव हाय. इकबाल मुकादम, रोहा."

त्याने फोन खाली ठेवला.

"तिसरा मी हाय, अब्बा," फैजल म्हणाला.

"तू पॅकिंगला हायस."

"पॅकिंगला होतो. दिवाळीपासून पॅनलवर हाय. काळुरामदानं मला शिकवलं पॅनल. तीन महिने होत आले."

"मला कुठं माहीत."

"तुमी विचारलं कधी?"

अख्ख्या रोहा तालुक्यात कोणाची म्हैस कोणाच्या वावरात शिरली हे ज्याला ठाऊक, त्याला आपला पोरगा कुठल्या खात्यात आहे हे ठाऊक नव्हतं. साहेबांनीच त्याला बोलता बोलता सांगितलं होतं, पॅनलवर तिघं असतात, एक रजेवर होता. तिसऱ्याचं नाव काय, एवढं त्याने विचारलं नव्हतं. सत्तावीस वर्षांत नाव विचारायला तो पहिल्यांदा विसरला होता.

त्याने खिशातून फोन काढला. मेसेज पुसला. त्या जागी आलं, 'तुम्ही हा मेसेज हटवला आहे.' पुसण्याआधी तीस जणांनी वाचल्याचं त्याला दिसलं होतं. त्या ग्रुपमध्ये पत्रकार किती, तर पंचवीस. बाकीचे पंचायतीचे कारकून आणि कंपन्यांचे प्रेसनोट पाठवणारे साहेब. बातम्या लवकर मिळाव्यात म्हणून त्यांना ग्रुपमध्ये घ्यायची कल्पना इकबालचीच होती.

"मला का नाय सांगितलंस?" तो शेवटी म्हणाला. त्याला विचारायचं होतं नोकरीचं, पण तोंडातून हे आलं. "मी बाप हाय तुझा. बातमी माझ्या घरात होती, आणि तू हिला सांगितलीस."

फैजल हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तुमाला सांगितलं असतं तर तुमी ग्रुपवर टाकलं असतं."

हमिदाला वाटलं भाऊ आता उठून जाईल. तो उठला नाही. मान खाली घालून सोललेल्या वालांकडे बघत बसला.

"आणि अजून सांगू?" फैजल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "लहानपणी ही सुट्टीला यायची ना, तेव्हा तुमी दोघं वही घेऊन बसायचात. मी दारात उभा असायचो. मला एकदा म्हणालात, तू खेळ जा, तुला नाय कळायचं. मग मी गेलो खेळायला. मला पहिल्यांदा असं काय तरी माहीत होतं की जे तुमाला माहीत नव्हतं. मला वाटलं, छापून येऊ दे मुंबईला. बघू दे त्यांना. कसं वाटतं दारात उभं राहून ते कळू दे."

"कळलं," इकबाल म्हणाला.

गेला आठवडाभर लोक सफाला चिकटपट्टीचं कौतुक सांगत होते, संपादक म्हणाले होते, एका चिकटपट्टीने बातमी उभी केलीस. तिलाही ते आवडलं होतं. आता ते कौतुक तिला नकोसं झालं.

"चूक मामूंची एकट्याची नाय," ती म्हणाली. "बझर बंद होता, एवढं पुरं होतं. चिकटपट्टी मी लिहायला नको होती. पॅनलजवळ जो उभा असतो त्यालाच ती दिसते. मला कळत होतं. पण वाक्य चांगलं झालं होतं."

"व्हय, वाक्य चांगलं होतं," इकबाल म्हणाला. त्यातही थोडं जळलं, आणि ते त्याला ऐकू आलं.

"तुमी दोघं वाक्यांचं नंतर बघा," हमिदा म्हणाली. "पोराला पाचला बोलावलंय. अडीच वाजून गेले. काय करायचं ते बोला."

*

करायचं ते सफाने सांगितलं आणि इकबालने ऐकलं. हे उलटं झालंय हे दोघांनाही कळत होतं.

"पाचला ते तुझ्याकडून राजीनामा लिहून घेणार," ती फैजलला म्हणाली. "गुपचूप. उद्या कोणी विचारलं तर म्हणतील, पोरगा आपणहून गेला. पण त्याच्या आधी तुझ्या नावानं छापून आलं की तू काय बघितलंस, तर मग तू साक्षीदार झालास. साक्षीदाराला काढायचं तर उघड काढावं लागतं. चौकशीवाल्यांना पण तुझ्याकडं यावं लागतं. नोकरी राहील असं मी म्हणत नाय. जाईलही. नाव तुझं हाय, ठरव तू."

फैजलने हात धोतरासारख्या जुन्या पंच्याला पुसले. "काळुरामदाच्या घरी गेली होतीस ना तू?"

"गेले होते. त्याच्या बायकोनं, नूतनवहिनींनी, पाच पेपरांची पाच कात्रणं दाखवली. कंपनीवाले त्यांना म्हणतात, भरपाई कसली मागता, तुमचेच पेपर लिहितात की चूक नवऱ्याची."

हे ती इकबालकडे न बघता म्हणाली. बघून म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"छापा," फैजल म्हणाला. "पूर्ण नाव छापा."

इकबालचा हात खिशात गेला. पेन निघालं, घडी घातलेले कागदही निघाले; ते त्याच्या कुरत्यात कायम असत, नव्या कुरत्यातसुद्धा. त्याने कागद गुडघ्यावर सरळ केला. "बोल," तो मुलाला म्हणाला. "पयली वेळ सांग. किती वाजता..."

"मामू," सफा म्हणाली.

"काय?"

"घरच्याची बातमी."

पेन कागदावर टेकलेलं राहिलं.

"मग तू लिही," तो कागद तिच्यापुढे धरत म्हणाला. हे म्हणणं त्याला किती जड गेलं ते हमिदाला दिसलं.

"मी पण नाय. तो माझा मामेभाऊ. मागच्या टायमाला मी संपादकांना आधीच सांगितलं होतं नातं, त्यांनी दुसऱ्या दोघांकडून खात्री केली तेव्हा छापलं. आता नाव येणार. उद्या कंपनी म्हणंल, बहिणीनं भावाला उभा केला. काळुरामचंच नुकसान."

"मग कोण लिहिणार?"

सफाने इकबालकडे पाहिलं. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला आणि दोघांनीही तोंड वाकडं केलं. हमिदाला आयुष्यात पहिल्यांदा ती दोघं अगदी सारखी दिसली, तिच्या बापासारखी.

"विष्णु," इकबाल म्हणाला, जसं कडू औषधाचं नाव घ्यावं.

त्याने फोन लावला. "विष्णु, बातमी हाय. नाय, ग्रुपवर नाय. ग्रुपवर टाकलीस तर तंगडं मोडीन. तू एकटा ये. रामवाडीला, हमिदाआपाकडं. आणि हे बघ, तुझ्या पेपरच्या मोबाइल ॲपवर चारपर्यंत चढवता येईल का? येईल ना? मग ये."

*

विष्णु दहा मिनिटांत स्कूटरवर आला. सकाळचा गुलालाचा टिळा तसाच कपाळावर. आत शिरताना त्याने इकबालकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. ग्रुपवरचा मेसेज त्यानेही वाचलेला होता आणि पुसलेलाही बघितला होता. हमिदाने त्याला आणि फैजलला आतल्या खोलीत बसवलं आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. ऐकायला बसलात तर पोरगं मोकळं बोलायचं नाय, असं ती म्हणाली, आणि स्वतः मात्र चहाच्या निमित्ताने दाराशी राहिली. घर तिचं, फुफू ती, तेवढा हक्क तिचा होता.

इकबाल आणि सफा बाहेर पायरीवर बसले, खिडकीच्या बरोबर खाली. पुढच्या रस्त्यावरून गाड्या हायवेकडे जात होत्या. खिडकीतून विष्णुचा आवाज आला.

"तर फैजल, आता तुला कसं वाटतंय?"

"वेळ विचार," इकबाल दातांत म्हणाला.

"वेळ आधी," सफा त्याच क्षणी पुटपुटली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सफाला हसू आलं, तिने ओढणीने तोंड दाबलं. इकबालला हसू आलं नाही, पण त्याने सरकून तिला भिंतीला टेकायला जागा दिली.

पण विष्णु काही अगदीच कच्चा नव्हता. पुढे त्याने वेळ विचारली, शिफ्ट विचारली, बझर कधीपासून बंद होता, तू कोणाला सांगितलं होतंस, त्याने काय उत्तर दिलं. फैजल सांगत गेला. सुपरवायझरला दोनदा सांगितलं. वहीत नोंद केली. व्हॉल्व्ह काळुरामदाने एकट्याने नाही, दोघांनी मिळून बघूनच खोलला, काळुरामदा व्हॉल्व्हपाशी आणि तो स्वतः पॅनलवर. बझर वाजला असता तर पळायला वेळ मिळाला असता. पोरगा सरळ बोलत होता, जास्तीचं काही नाही, कमीही नाही. तारखा नीट देत होता. इकबाल ऐकत होता. हे त्याला कुणी शिकवलं, असं त्याच्या मनात आलं. मग त्याला दारात उभा राहणारा तो लहान पोरगा आठवला, खेळायला जा म्हटल्यावरही लगेच न गेलेला.

"चांगलं सांगतोय," तो म्हणाला.

"तुमच्यासारखं," सफा म्हणाली.

"माझ्यासारखं नाय. बरं सांगतोय."

आत कागद उलटल्याचा आवाज झाला. मग विष्णुने जरा आवाज खाली आणला. "आता एक. तू सांगितलंस हे कंपनीला कळलं कसं? तुझं नाव फुटलं कोणाकडून?"

हमिदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"ते नको," फैजल म्हणाला.

"अरे, मला ठाऊक हाय. मी ग्रुपात हाय. पण तुझ्या तोंडून आलं तर मला लिहिता येईल. बातमीत ते लागणारच. लोक विचारणार."

"विचारू दे. ते सोडून सगळं घ्या काका. त्याचं नाव मी देणार नाय."

पायरीवर सफाने मामाचा हात धरायला हात पुढे केला. तिथे हात नव्हता. इकबाल उठला होता. त्याने चपला काढल्या, आत गेला, हमिदाच्या ट्रेला वळसा घालून खोलीत शिरला आणि विष्णुच्या समोर उभा राहिला. सकाळी स्टेजवर शाल घेऊन उभा होता तसाच, फक्त हात रिकामे होते.

"लिही," तो म्हणाला. "इकबाल अब्दुल रज्जाक मुकादम, राहणार रोहा. त्यानं ग्रुपवर टाकलं. भाचीवर जळून टाकलं, असं लिहिलंस तरी चालंल. आणि काळुराम निष्काळजी होता ही पयली बातमी पण त्याचीच. काळुरामच्या घरी न जाता लिहिलेली. ते पण घे."

विष्णुचं पेन थांबलं. पंचवीस वर्षं ज्याच्यावर कुरघोडी करायची संधी तो शोधत होता, तो माणूस समोर उभा होता, आणि विष्णुला काही गोड लागलं नाही.

"इकबाल, 'एका वार्ताहराने' असं करतो ना मी. नाव कशाला? तुझा पेपर तुला ठेवणार नाय."

"वार्ताहर नको. सत्तावीस वर्षं वार्ताहरच लिहून आलंय. नाव लिही."

फैजल बापाकडे बघत होता. इकबालने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. तो वाकला आणि विष्णुच्या कागदावर, अगदी वरच्या ओळीजवळ, बोट ठेवलं.

"आणि इथं घे, पहिल्या परिच्छेदात. खाली टाकलंस तर जागा नाय म्हणून कापतील."